वाचकांचे प्रश्न : आभाळाचा उजेड वजा करायचा कसा?

मागच्या अंकात मोठ्या दुर्बिणींच्या निकट अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या लगेच पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची ओळख करून दिली होती. त्यात चिलीतल्या पारानाल परिसरातली ‘व्हिस्टा’ ही ४.१ मीटर आरशाची दुर्बीण होती. तिच्यावर अनेक वर्षं काम केलेला ‘व्हिरकॅम’ हा कॅमेरा २.९ टन वजनाचा होता आणि त्यात १६ डिटेक्टर (उजेड टिपणाऱ्या चिप) मिळून ६.७ कोटी पिक्सेल होते. आता तो उतरवून त्या जागी ‘फोरमोस्ट’ हा वर्णपटमापक बसवला आहे. त्या लेखावर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आमचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. प्री-कूलिंग करून माल शून्य अंशाच्या आसपास ठेवतो. त्याखाली एकेक अंश उतरायचं म्हटलं तरी वीजबिल चढतं. कॅमेऱ्याला उणे २०० अंश खरंच लागतात का? शून्यावर किंवा उणे वीसवर भागणार नाही का?
— पिंपळगाव बसवंत

नाही भागणार, आणि का ते आकड्यांतच दिसतं. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उजेड टाकत असते. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण २ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात बघणाऱ्या डिटेक्टरला भिंत, भिंग, स्क्रू, सगळंच मंद पेटलेलं दिसतं. कॅमेऱ्याचं आतलं अंग २७ अंशांवरून शून्यावर आणलं, तर २.५ मायक्रॉनला हा उजेड जेमतेम सातपट घटतो. तेच अंग उणे १२३ अंशांवर नेलं की तो वीस कोटी पटींहून जास्त घटतो. तापमान आणि उजेडाचं नातं सरळ रेषेतलं नाही, घातांकी आहे. त्यामुळे पहिल्या २७ अंशांत हाती फारसं लागत नाही आणि पुढच्या सव्वाशे अंशांत जवळजवळ सगळंच लागतं.

यात दोन वेगवेगळी तापमानं आहेत, त्यांची गल्लत करू नये. भिंगं, फिल्टर आणि आतल्या भिंती थंड करायच्या त्या त्यांचा उजेड डिटेक्टरवर पडू नये म्हणून. डिटेक्टर आणखी थंड, उणे २०० च्या आसपास ठेवायचा, त्याचं कारण त्याच्या स्वतःच्या पोटात आहे. तुमच्या मोबाइलमधल्या सिलिकॉनला इलेक्ट्रॉन सुटायला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) लागतात, म्हणून सिलिकॉन १.१ मायक्रॉनच्या पलीकडे आंधळा. अवरक्त डिटेक्टर पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या मिश्र स्फटिकाचा असतो. पारा आणि कॅडमियमचं प्रमाण बदलून त्याची हद्द २.५ मायक्रॉनपर्यंत नेतात. तिथे इलेक्ट्रॉन सुटायला अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतो. सुटणं इतकं सोपं झालं की नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रकाश नसतानाच पिक्सेल भरत जातो. उणे २०० अंशांवर ही गळती सेकंदाला एका इलेक्ट्रॉनच्याही खूप खाली येते.

थंडी करायची पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल. कॉम्प्रेसर आहे, होज आहेत, कोल्ड हेड म्हणजे थंडी तयार करणारं टोक आहे. फरक असा की इथे अमोनिया किंवा फ्रेऑनसारखं द्रवाचं वाफेत रूपांतर होत नाही. अतिशुद्ध हेलियम दाबला आणि प्रसरण पावू दिला जातो, तोही वायूच्याच रूपात. कॉम्प्रेसरमधलं तेल वायूबरोबर पुढे जाऊ नये म्हणून शोषक डबा असतो. तो ठरलेल्या तासांनी बदलावाच लागतो, नाहीतर तेलाचा अंश कोल्ड हेडमध्ये जाऊन गोठतो आणि पिस्टन अडकत चालतो. आवाजात बारीक ठोका यायला लागला की तंत्रज्ञ समजतो. कॉम्प्रेसरची उष्णता थंड पाण्याने घुमटाबाहेर नेतात, कारण घुमटातली गरम हवा आरशावरून लहरत गेली की ताऱ्याचा ठिपका पसरतो.

मग मुख्य आरसा? तो उघड्या हवेत असतो, त्याला थंड करता येत नाही. म्हणून डिटेक्टरला आरशाखेरीज दुसरं काही उबदार दिसू नये एवढी तजवीज करतात. लहान क्षेत्राच्या कॅमेऱ्यात आत एक थंड झरोका असतो, त्यातून फक्त आरशाची प्रतिमा जाते. व्हिस्टाचं दृश्यक्षेत्र १.६५ अंश रुंद, म्हणजे पौर्णिमेचे तीन चंद्र शेजारी ठेवले तरी जागा उरेल. इतक्या रुंदीला झरोका बसवणं अवघड, म्हणून तिथे लांब थंड नळकांडं वापरलं आणि दुय्यम आरसा मुद्दाम लहान ठेवला. त्याच्या कडेपलीकडे डिटेक्टरला उबदार लोखंडाऐवजी थंड आभाळ दिसायचं. त्यासाठी मुख्य आरशाची कड वाया घालवली, आणि ती घालवणंच योग्य होतं.

माझा व्हॅक्यूम पंप दुरुस्तीचा व्यवसाय आहे. अशा कॅमेऱ्याला किती व्हॅक्यूम लागतो, आणि कामाचा क्रम काय?
— सातपूर

चालू स्थितीत दाब १० चा उणे सहावा घात मिलीबार, किंवा त्याहून कमी. क्रम असा: आधी रोटरी किंवा कोरड्या पंपाने १० चा उणे दुसरा घात मिलीबारपर्यंत, मग टर्बो पंपाने उणे पाचव्या घातापर्यंत. त्यानंतरच कूलर सुरू करायचा. घाईने आधी थंडी सुरू केली तर आतली वाफ जिथे सगळ्यात थंड तिथे जाऊन गोठते, तुमच्या शेजारच्या कोल्ड स्टोरेजमधल्या कॉइलवर बर्फ धरतो तशी. पण इथे तो बर्फ डिटेक्टरवर किंवा फिल्टरवर बसतो, आणि बर्फ नेमका १.५, २ आणि ३ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश खातो.

म्हणून आत सक्रिय कोळशाचे किंवा झिओलाइटचे शोषक ठेवतात आणि ते सगळ्यांत आधी थंड होतील अशी जोडणी करतात. डिटेक्टर सगळ्यांत शेवटी थंड करायचा. त्यासाठी त्याच्या बैठकीत छोटा हीटर असतो. उबवताना क्रम उलटा: डिटेक्टर आधी गरम, शोषक शेवटी. वेग मिनिटाला एका अंशाहून कमी ठेवायचा. डिटेक्टरचा स्फटिक आणि त्याखालची सिलिकॉनची वाचन-चिप इंडियमच्या बारीक थेंबांनी जोडलेली असते, २०४८ गुणिले २०४८ च्या एका डिटेक्टरमध्ये असे जवळजवळ ४२ लाख थेंब. दोन्ही पदार्थ थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात. घाई केली की कोपऱ्यातले थेंब आधी सुटतात आणि तिथले पिक्सेल कायमचे मेले. कॅल्शियम फ्लोराइडच्या भिंगांनाही झटका सोसत नाही, ती तडकतात. एवढ्या वजनाचा कॅमेरा पूर्ण थंड व्हायला त्यामुळेच काही दिवस लागतात.

तुमच्या कामाचा एक धोका मुद्दाम सांगतो. कोळशाने महिनोन्‌महिने धरलेला वायू, कॅमेरा उबला की एकदम सुटतो. वीज गेली आणि कूलर बंद पडला तर आतला दाब वाढत जातो. म्हणून सुरक्षा-झडप हवीच, आणि ती हलक्या दाबाला उघडणारी हवी. आत हवा सोडायची ती पूर्ण उबल्यावरच, आणि तीही कोरड्या नायट्रोजनची.

गळती शोधायला हेलियम लीक डिटेक्टर. ओ-रिंग बाहेरच्या कवचात असते, म्हणून साध्या तापमानालाच राहते आणि थंडीने कडक होत नाही. पण रबरातून वाफ हळूहळू झिरपतच असते. ती पंपाने नाही, शोषकाने सांभाळायची. आतल्या बेअरिंगना मात्र ग्रीस चालत नाही, ते दगड होतं. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर देतात. फिल्टरचं चाक मध्येच अडकलं की रात्र गेली असं समजायचं.

व्हिरकॅमची खिडकी ९५ सेंटिमीटर व्यासाची, फ्यूज्ड सिलिकाची. बाहेर हवा आणि आत पोकळी. नाशिकच्या उंचीला अशा खिडकीवर पावणेसात टनांच्या आसपास भार येईल. व्हिस्टाच्या अडीच हजार मीटरवर तो साडेपाच टनांच्या आसपास असायचा. शिवाय खिडकीचा मधला भाग आतल्या थंडीकडे बघून गार पडत राहतो. तो दवबिंदूखाली गेला की बाहेरून घाम धरतो. कडेने गरम कडं आणि काचेवरून कोरड्या हवेचा झोत, हे दोन्ही उपाय करतात. एकट्या कड्याने भागत नाही, कारण काच उष्णता नीट वाहून नेत नाही आणि मध्यभाग गारच राहतो.

मी एम.एस्सी. करते. के पट्ट्यातल्या कच्च्या फ्रेम उघडल्या तर नुसता करडा पडदा, तारे जेमतेम दिसतात. सगळ्या फ्रेमचा मध्यक काढून वजा केला, तर तारे आले पण दीर्घिकेभोवती काळं कडं उमटलं. कुठे चुकलं?
— पंचवटी

फ्रेम बिघडलेली नाही, के पट्ट्यातलं आभाळ असंच असतं. अमावास्येच्या रात्री दृश्य प्रकाशात एका चौरस आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आभाळाची प्रत, म्हणजे तेजाचं माप, साडेएकवीसच्या आसपास असते. जे पट्ट्यात, म्हणजे १.२५ मायक्रॉनला, ती १६ च्या आसपास येते, १.६५ च्या एच पट्ट्यात १४ आणि २.२ च्या के पट्ट्यात १३. प्रत जितकी लहान तितका उजेड जास्त. जे आणि एच मधला उजेड येतो तो सुमारे ८७ किलोमीटर उंचीवरच्या हायड्रॉक्सिल रेणूंचा: ओझोन आणि हायड्रोजन यांच्या अभिक्रियेत ते उत्तेजित होऊन जन्मतात आणि रात्रभर चमकत राहतात. के मध्ये त्यात दुर्बिणीची आणि हवेची उष्णता मिसळते.

तुमचा तारा २१ प्रतीचा असेल तर तो त्याच्याखालच्या एका चौरस आर्कसेकंद आभाळापेक्षा साधारण १६०० पट मंद आहे. म्हणजे आभाळाचं मोजमाप दहा हजारांत एकाच्या अचूकतेने यायला हवं, आणि हे आभाळ पाच-दहा मिनिटांत काही टक्क्यांनी बदलतं. हायड्रॉक्सिलच्या उजेडाच्या लाटा आभाळातून सरकत जातात. या शाखेतली सगळी मेहनत ही एवढ्याच वजाबाकीसाठी असते.

म्हणूनच एक लांब एक्स्पोजर घेत नाहीत. चार मीटर दुर्बिणीवर के पट्ट्यात एका पिक्सेलमध्ये सेकंदाला काही हजार इलेक्ट्रॉन निव्वळ आभाळाचे पडतात, आणि पिक्सेलची टाकी लाखभर इलेक्ट्रॉनांची. अर्ध्या मिनिटात ती भरून वाहील. म्हणून दहा सेकंदांची अनेक एक्स्पोजर. त्यात नुकसान नाही: ४०,००० इलेक्ट्रॉन आभाळाचे असतील तर त्यांची स्वतःची चढउतार २०० इलेक्ट्रॉनांची. वाचनाचा गोंगाट पंधरा-वीस इलेक्ट्रॉन, तो त्यात बुडून जातो.

आता काळ्या कड्याविषयी. मध्यक काढताना प्रत्येक पिक्सेलला बहुतेक फ्रेममध्ये रिकामं आभाळ दिसत असेल, असं आपण गृहीत धरतो. तारा ठिपक्याएवढा, दर फ्रेमला दुर्बीण १५ आर्कसेकंद सरकवली की तो बाजूला होतो. दीर्घिकेची फिकट किनार मात्र एखाद्या आर्कमिनिटापर्यंत (अंशाचा साठावा भाग) पसरलेली असते. १५ आर्कसेकंदांच्या सरकण्याने ती त्या पिक्सेलवरून हलतच नाही. मग ती किनार ‘आभाळ’ म्हणून मोजली जाते आणि वजा होते. तेच तुमचं कडं.

उपाय असे. फ्रेममधून आधी डार्क, म्हणजे उजेड अडवून घेतलेली फ्रेम, वजा करा, तोही तेवढ्याच सेकंदांचा. या डिटेक्टरमध्ये डार्कचा आकार वेळेनुसार बदलतो, ३० सेकंदांचा डार्क भागून १० चा करू नका. मग अरेषीयतेची, म्हणजे उजेडाच्या प्रमाणात आकडा न वाढण्याची, दुरुस्ती, मग फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फ्रेमने भागाकार. फ्लॅट दिव्याचा असेल तर दिवा लावून घेतलेल्यातून दिवा विझवून घेतलेला वजा करा, नाहीतर घुमटाची उष्णता फ्लॅटमध्ये शिरते. आभाळासाठी पूर्ण रात्रीच्या फ्रेम घेऊ नका. त्या फ्रेमच्या आगेमागे दहा मिनिटांतल्या आठ-दहा पुरेत. नऊ घेतल्या तर वजाबाकीमुळे गोंगाट पाच ते आठ टक्के वाढतो, ते चालतं. पहिल्या फेरीत साधं वजा करून फ्रेम जुळवा आणि बेरीज करा. त्या बेरजेत दिसलेल्या सगळ्या वस्तूंवर मुखवटा टाका, मुखवटा किनारीच्याही बाहेर सैल ठेवा, आणि मग मूळ फ्रेमवर परत जाऊन दुसऱ्या फेरीत आभाळ काढा. कडं बरंच जाईल.

तरी उरलं तर दोष निरीक्षणाच्या आखणीत आहे. मोठ्या वस्तूसाठी दुर्बीण शेजारच्या रिकाम्या आभाळावर नेऊन आणावी लागते आणि निम्मा वेळ तिथेच जातो. इथे विस्तृत क्षेत्राचा कॅमेरा कामाला येतो. दीर्घिका एकदा एका डिटेक्टरवर, नंतर दुसऱ्यावर ठेवली की मोकळा राहिलेला डिटेक्टर स्वतःचं आभाळ स्वतः मोजतो. वेळ वाया जात नाही.

शेवटी तेजस्विता जुळवायला ‘टू-मास’ची यादी वापरा. १९९७ ते २००१ मध्ये ॲरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी सगळं आभाळ जे, एच आणि के-शॉर्ट पट्ट्यांत मोजलं, ४७ कोटींहून जास्त बिंदू. ते तारे तुमच्या प्रत्येक फ्रेममध्ये असतातच. फक्त फार तेजस्वी निवडू नका, तुमच्या डिटेक्टरवर ते सॅच्युरेट झालेले, म्हणजे पिक्सेलची टाकी भरून वाहिलेले असतील.

डिटेक्टर एकमेकांना चिकटवून का बसवत नाहीत? मध्ये एवढी फट का?
— नाशिकरोड

प्रत्येक डिटेक्टरच्या कडेने तारा, जोडण्या आणि बैठक असते, अगदी चिकटवणं शक्य नाही. मग फट ठेवायचीच तर अशी ठेवतात की दुर्बीण सरकवून ती नेमकी भरून निघेल. हवाईतल्या ‘युकर्ट’ या ३.८ मीटर दुर्बिणीच्या ‘डब्ल्यूएफकॅम’मध्ये चार डिटेक्टर आहेत आणि मधली फट डिटेक्टरच्या रुंदीच्या ९४ टक्के. चार वेळा सरकलं की पाऊण चौरस अंश भरतो. व्हिस्टावर व्हिरकॅम असताना सहा वेळा सरकावं लागायचं आणि दीड चौरस अंश मिळायचा. त्यातला बहुतेक भाग किमान दोनदा टिपला जायचा. हे दुसऱ्यांदा टिपणंही उपयोगी पडतं, एका पिक्सेलचा दोष दुसरा झाकतो.

तेजस्वी तारा टिपल्यावर पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागी फिकट ठिपका दिसतो. नवा तारा आहे का?
— सिन्नर

नाही, ती मागे उरलेली छाया आहे. सॅच्युरेट झाल्यावर काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकतात आणि पुढे मिनिटामिनिटाने सुटत राहतात. ओळखायची खूण सोपी: दुर्बीण सरकवली की खरे तारे डिटेक्टरवर जागा बदलतात, छाया जागची हलत नाही. म्हणून फिकट वस्तू आधी आणि तेजस्वी नंतर असा रात्रीचा क्रम लावावा. संध्याप्रकाशात भरगच्च फ्लॅट घेतला असेल तर त्याचीही छाया उरते. अपारदर्शक फिल्टर लावून मधल्या वेळात डार्क घेत राहावेत, छाया किती उतरली ते त्यात दिसतं.

कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आपल्या हद्दीवर असताना इथे अशी दुर्बीण का नाही?
— घोटी

निव्वळ उंचीने अडत नाही. राजस्थानात माउंट अबूला, गुरुशिखरावर, १६८० मीटरवर १.२ मीटर दुर्बिणीने निकट अवरक्तात वर्षानुवर्षं चांगलं काम झालं आहे. तीही पावसाळ्यात बंद असते. पण सह्याद्रीच्या माथ्यावर ढग आणि ओल यांचा मुक्काम कितीतरी लांब. हवेतली वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश गिळते, आणि जे, एच, के हे पट्टे त्या दोन खड्ड्यांच्या अल्याडपल्याड बसवलेले आहेत. वाफ वाढली की पट्ट्यांच्या कडा कुरतडल्या जातात, आणि वाफ तासातासाला बदलते म्हणून मोजमापही डळमळतं.

दुसरं कारण रात्रीची ऊब. आरसा १० अंशांवरून २५ अंशांवर गेला तर २.२ मायक्रॉनला तो तिपटीहून जास्त उजेड टाकतो. त्यासाठीच के पट्टा २.३ मायक्रॉनला कापून के-शॉर्ट केला, तरी ऊब राहतेच. लडाखमधलं हान्ले ४५०० मीटरवर, कोरडं आणि गार. तिथल्या २ मीटर हिमालयन चंद्रा दुर्बिणीवर ‘टिरस्पेक’ हे निकट अवरक्त उपकरण आहे. नैनितालजवळ देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर ‘टिरकॅम-२’ हा कॅमेरा. त्याचा डिटेक्टर ५१२ गुणिले ५१२ चा आणि दृश्यक्षेत्र दीड आर्कमिनिटाहूनही कमी. काम उत्तम होतं, पण एकावेळी आभाळाचा फार छोटा तुकडा दिसतो. भारतात मोठ्या दुर्बिणीवर विस्तृत क्षेत्राचा अवरक्त कॅमेरा व्हावा, असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि त्याची जागा हान्लेसारखीच असावी.

माझ्याकडे जुना डीएसएलआर आहे. त्यातली अवरक्त अडवणारी काच काढली तर घरच्या गच्चीवरून असं काही करता येईल?
— गंगापूर रोड

जे, एच, के नाही, कारण सिलिकॉन १.१ मायक्रॉनला थांबतं. ०.८५ ते १ मायक्रॉनचा पट्टा मात्र हाती लागतो, आणि शहरातून तो फायद्याचा आहे. रस्त्यावरचे पांढरे एलईडी दिवे ०.८ मायक्रॉनच्या पुढे जवळजवळ काहीच टाकत नाहीत. सोडियम दिव्यांची ०.८१९ ची ठळक रेषा ८५० नॅनोमीटरच्या फिल्टरने बरीचशी अडते. हवेचं विखुरणंही ५५० नॅनोमीटरच्या मानाने साडेपाच पटींहून जास्त घटतं. भिंग थंड करायची गरज नाही, १ मायक्रॉनला साध्या तापमानाची वस्तू उजेड टाकत नाही म्हटलं तरी चालेल.

काच काढल्यावर त्या जागी तेवढ्याच जाडीची साधी पारदर्शक काच बसवा, नाहीतर फोकसची सगळी मापं बिघडतात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये तेजस्वी तारा मोठा करून ठिपका सगळ्यात लहान होईल तिथे थांबा. ८५० नॅनोमीटरला लाल, हिरवे, निळे तिन्ही पिक्सेल सारखेच पारदर्शक होतात, तेव्हा चित्र सरळ कृष्णधवल करा. आयएसओ १६००, एफ २.८, तारे पाठलाग करणारी बैठक असेल तर मिनिटभराची ३० एक्स्पोजर, आणि त्याच तापमानाला तेवढ्याच वेळाचे २० डार्क. गच्ची गार होत जाते, म्हणून डार्क शेवटी एकदम न घेता मध्येमध्ये घ्या.

धूळ या पट्ट्यात दृश्य प्रकाशाच्या साधारण निम्माच प्रकाश अडवते, के मध्ये दहावा हिस्सा. त्यातला फरक बघायचा तर ‘ॲलाडिन’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, भुजंगधारी तारकासमूहातला ‘बर्नार्ड ६८’ हा काळा ढग शोधा. आधी दृश्य प्रकाशातलं चित्र घ्या: ताऱ्यांच्या गर्दीत शाईचा डाग पडावा तसं भोक. त्यावर टू-मासचं के-शॉर्ट चित्र चढवा आणि पट्टी हळूहळू सरकवा. ढगाच्या कडेपासून आत एकेक तारा उमटत जाईल, कडेला जास्त, मध्याकडे कमी आणि अधिक लालसर. तो लालसरपणा मोजला की ढगात कुठे किती धूळ आहे हे मिळतं. मे-जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत, हा समूह नाशिकमधून मध्यरात्री दक्षिणेला चांगला वर असतो.